फेहेरलोफिया (१९८१) : रेघेशिवाय काढलेला सिनेमा

कुंचला | शनिवार, रात्री ११:२०

गेल्या महिन्यात एक हंगेरियन ॲनिमेशनपट पाहिला. मग आणखी दोनदा पाहिला. आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून हा धागा.

नाव 'फेहेरलोफिया'. म्हणजे पांढऱ्या घोडीचा मुलगा. दिग्दर्शक मार्सेल यान्कोविच, साल १९८१, बुडापेस्टच्या पान्नोनिया स्टुडिओत बनलेला, लांबी दीड तासाच्या आत. गोष्ट इतकी ओळखीची की आपल्याच घरात कुणी सांगितली असती तरी खपली असती. एक पांढरी घोडी काळोखातून जीव घेऊन पळत येते. आभाळाला भिडलेल्या एका झाडाच्या ढोलीत शिरते आणि तिथे तिला माणसाचं मूल होतं. मूल तिच्या दुधावर वाढतं, अंगात अचाट ताकद येते, आई मरते. मुलगा जगात निघतो. वाटेत दोन भाऊ भेटतात, एक दगडाचा चुरा करणारा, दुसरा लोखंड मळणारा. तिघं पाताळाची वाट शोधतात, कारण तिथे तीन राजकन्या तीन ड्रॅगनांच्या कैदेत आहेत. दोराला धरून खाली उतरायची छाती फक्त आपल्या नायकाची. तो जिंकतो, राजकन्या वर जातात, आणि हा खालीच राहतो. मग एका प्रचंड पक्ष्याच्या पाठीवर बसून वर येतो.

एवढंच. कथेत धक्का नाही, कूट नाही. तरी मी तीनदा पाहिला, ते चित्रांसाठी.

मी रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतल्या मुलांना चित्रकला शिकवते. नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी हेच होतं: पेन्सिलीनं घर, डोंगर, सूर्य आखून घ्यायचं आणि मग आत रंग भरायचा. रंग जरा बाहेर गेला की चेहरा पडतो, खोडरबर शोधायला लागतात. मीसुद्धा तशीच शिकले. बाह्यरेषा म्हणजे चित्राची हद्द, हे हातात इतकं मुरलेलं असतं की त्यावाचून चित्र होऊ शकतं हेच सुचत नाही.

या सिनेमात ती रेघ नाही. माणसं, घोडी, झाड, अग्नी, सगळं निव्वळ रंगाच्या पसाऱ्यातून उभं राहतं. आकृतीभोवती काळी कडा नाही, एक रंग संपतो आणि दुसरा सुरू होतो. बाळ दूध पितं ते दृश्य मी थांबवून एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं. आई कुठे संपली आणि मूल कुठे सुरू झालं ते नेमकं बोट ठेवून दाखवता येईना. आयाळ हलते आणि तिची ज्वाळा होते. झाडाच्या मुळांतून, फांद्यांतून आकार उगवतात, वळतात, पुन्हा झाडात मिसळतात. कुठल्याच वस्तूला आपल्या रूपात फार वेळ राहवत नाही.

आणि पाहता पाहता मला वाटलं, ऐकलेली गोष्ट अशीच तर दिसते. लहानपणी अंधारात पडून आजीकडून राक्षस ऐकला तेव्हा त्याला नाक-डोळे कुठे होते? काहीतरी मोठं होतं, लालसर होतं, जवळ येत होतं. पुस्तकात राक्षसाचं चित्र पाहिल्यावर तो लहान झाला आणि कायमचा तेवढाच राहिला. यान्कोविचनी लोककथेचं चित्र काढताना तिला हद्द घातली नाही, हे मला या सिनेमातलं सगळ्यात मोठं काम वाटतं.

ड्रॅगनांबद्दल लिहिलंच पाहिजे. लोककथेत फक्त डोकी वाढत जातात. इथे तीन डोक्यांचा ड्रॅगन म्हणजे दगडाचा अजस्र, आदिम राक्षस. सात डोक्यांचा पोलादी, तोफा रोखलेला, रणगाड्यासारखा. आणि बारा डोक्यांचा ड्रॅगन म्हणजे एक शहर. उभ्या इमारती, चौकोनी चौकोनी, दिव्यांची उघडझाप. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा ड्रॅगन आहे हे कळायला क्षणभर लागला आणि कळल्यावर अंगावर काटा आला. बाकी सिनेमाभर एकही काटकोन नसतो, सगळं वळणदार. त्या एका शत्रूच्या अंगावर मात्र काटकोनांशिवाय काही नाही.

कुणी पाहिलाय का? विशेषतः हंगेरीशी किंवा ॲनिमेशनशी संबंध आलेल्यांनी जरूर लिहा.

गोष्टवेल्हाळ | शनिवार, रात्री ११:५८

मी पाहिलाय, आणि एवढं मनापासून लिहिल्याबद्दल आधी आभार.

ही कथा जगभर फिरलेली आहे. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिला ३०१ क्रमांक आहे, 'पळवून नेलेल्या तीन राजकन्या'. अलौकिक जन्माचा बलदंड नायक, दोन सोबती, पाताळात उतरणं, वरून दोर सुटणं, पक्ष्याच्या पाठीवरून परतणं, हा सांगाडा युरोपात आणि आशियात पुन्हापुन्हा भेटतो. काही ठिकाणी नायक अस्वलाचा मुलगा असतो. घोडीचा मुलगा मात्र गवताळ प्रदेशात घोड्यांसोबत जगलेल्या लोकांनाच सुचावा.

मला सगळ्यात भिडला तो परतीचा प्रवास. पक्षी उडताना खायला मागतो. बरोबर घेतलेलं अन्न संपतं आणि वरचं जग अजून लांब असतं. तेव्हा नायक स्वतःचं अंग कापून त्याला भरवतो. आपल्याला इथे शिबी राजा आठवणारच. पण फरक पाहा. शिबी शरण आलेल्या कबुतरासाठी मांस कापून देतो, ते दान आहे, धर्म आहे. इथे ते वर जाण्याचं मोल आहे. आईच्या दुधावर चढलेलं मांस वाटेत परत द्यावं लागतं.

दूरदेशी | रविवार, पहाटे ३:१४

मी अकरा वर्षं बुडापेस्टमध्ये राहतोय. धागा पाहून झोप उडाली. (हंगेरियनमध्ये एकट्या 's' चा उच्चार 'श', त्यामुळे इथले लोक गावाला बुदॉपेश्त म्हणतात.) इथे आडनाव आधी लिहितात, यान्कोविच मार्सेल. ही पद्धत आपल्याकडच्या शाळेच्या हजेरीपटासारखी असल्यानं मला इथे आल्यावर ती एकच गोष्ट सोपी गेली होती.

आधी शीर्षक. फेहेर म्हणजे पांढरा, लो म्हणजे घोडा, फिया म्हणजे त्याचा मुलगा. हंगेरियनमध्ये व्याकरणिक लिंग नाही. 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम. त्यामुळे शीर्षकात 'घोडी' असं कुठेच नाही, नुसता 'पांढऱ्या घोड्याचा मुलगा' आहे. मराठीत आपल्याला पहिल्याच शब्दाला ठरवावं लागतं. हंगेरियन मुलाला ते गोष्टीत दूध पाजायची वेळ आल्यावर कळतं.

नायकाचं नाव फान्यूवो, म्हणजे झाड उपटून फाडणारा. दुसरा क्योमोर्झोलो, दगड चुरडणारा. तिसरा वाश्ग्यूरो. 'वाश' लोखंड आणि 'ग्यूर' म्हणजे कणीक मळावी तसं मळणं. तुमचा 'लोखंड मळणारा' अगदी अचूक आहे. माझी सासू रविवारी शेवयांचं पीठ मळते तेव्हा हेच क्रियापद वापरते.

सिनेमा ज्या लिखित कथेवर बेतलाय ती आरान्य लास्लो यांच्या संग्रहातली. हे महाकवी आरान्य यानोश यांचे चिरंजीव. लास्लोंनी १८६२ मध्ये लोककथांचं पुस्तक काढलं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. त्या कथा लिहून घेण्यात त्यांच्या आईचा आणि बहिणीचा मोठा हात होता, हे घरातल्या हस्तलिखितांवरून दिसतं. मुखपृष्ठावर नाव मुलाचं, कथा कागदावर उतरवणारे हात घरातल्या बायकांचे.

मूळ कथेतली एक जागा सांगतो. घोडी मुलाला सात वर्षं पाजते. मग म्हणते, ते मोठं झाड बघ, शेंड्यावर चढ आणि साल ओढून काढ. त्याला जमत नाही. आणखी सात वर्षं पाजते. या वेळी साल निघते. तेव्हा ती म्हणते, आता तू पुरेसा बळकट झालास, जा जगात, मी मरते. 'मरते' साठी तिथे जे क्रियापद आहे ते फक्त जनावरांसाठी वापरतात. माणसाबद्दल ते वापरलं तर शिवी होते. आई मुलाला निरोप देताना स्वतःबद्दल तोच शब्द घेते. माझ्या मुलीला ही गोष्ट वाचून दाखवताना दर वेळी त्या शब्दाशी माझा आवाज अडतो.

कुंचला | रविवार, सकाळी ८:०५

दूरदेशी, शेवटचा परिच्छेद वाचून चहा तसाच राहिला. त्या दृश्यात सिनेमात मला काय हललं होतं ते आता कळतंय. खूप खूप आभार.

पारदर्शक | रविवार, सकाळी १०:३१

मी १९८० च्या दशकात मुंबईत जाहिरातपटांसाठी सेल रंगवायचं काम केलं आहे. आता वय झालं, पण हात ते काम विसरले नाहीत. 'रेघ नाही' या मुद्द्यावर कारागिराच्या बाजूनं लिहितो, कारण ती गोष्ट जितकी सुंदर दिसते तितकीच करायला जिवावरची असते.

सेल म्हणजे ॲसिटेटचा पारदर्शक पत्रा. ॲनिमेटरचं पेन्सिलीचं चित्र खाली ठेवायचं, पेग बारवर (चित्र जागेवर धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीवर) भोकं बसवायची, वर सेल ठेवून शाईनं रेघ ट्रेस करायची. ती वाळली की सेल पालथा करून मागच्या बाजूनं रंग भरायचा. सुती हातमोजे घालून, नाहीतर बोटांचे ठसे उमटतात. मागून भरलेला रंग रेघेच्या खाली थोडा इकडेतिकडे गेला तरी चालतो. समोरून पाहताना रेघ ते झाकते. आम्हाला सांगायचे, 'रेघेच्या अर्ध्यापर्यंत या, पुढे जाऊ नका.' ती रेघेची जाडी म्हणजे आमच्या चुकांना दिलेली जागा होती.

रेघच काढून टाकली तर ती जागा गेली. आता रंगाची कडा म्हणजेच आकृती. ती केसभर हलली की पुढच्या चौकटीत नायकाचा दंड थरथरल्यासारखा दिसणार. एका सेकंदाला चोवीस चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला बारा चित्रं, मिनिटाला सातशेवीस. त्यातलं प्रत्येक असं बिनआधाराचं, आणि पात्रं दोन-तीन असतील तर प्रत्येकाचं वेगळं.

आणखी एक. ॲसिटेट दिसायला पारदर्शक, पण त्याला स्वतःची किंचित झाक असते. एकावर एक सेल ठेवले की खालच्या थरातला रंग मळकट दिसतो. म्हणून एकच रंग प्रत्येक थरासाठी वेगळा घोटून ठेवावा लागायचा. आमच्याकडे एका पिवळ्याच्या चार बाटल्या असत. ज्या सिनेमाचं सगळं बोलणंच रंगातून चाललंय तिथे हे केवढं जोखमीचं असेल! मी सिनेमा अजून पाहिलेला नाही. कुंचलाताईंनी टाकलेलं वर्णन वाचून आज रात्री पाहणार.

तिसरा_पडदा | रविवार, दुपारी १२:१०

थोडा वेगळा सूर लावतो. मला हा सिनेमा अर्ध्यावर जड झाला. रंग सुरेख आहेत हे मान्य, पण सतत रूपांतर, सतत झगमग, वर इलेक्ट्रॉनिक संगीत आणि घुमणारे आवाज. डोळ्याला टेकायला जागाच मिळत नाही. गोष्टीतही तीन भाऊ, तीन किल्ले, तीन ड्रॅगन, तेच पुन्हा पुन्हा. पुढे काय होणार हे ठाऊक असताना इतकी चित्रं कशाला? याच दिग्दर्शकाचा दोन-अडीच मिनिटांचा 'सिसिफस' (१९७४) मला शतपटीनं आवडतो. पांढऱ्यावर काळी रेघ, धोंडा ढकलणारा माणूस आणि त्याचा धापा टाकणारा श्वास. संपलं.

गोष्टवेल्हाळ | रविवार, दुपारी १२:४४

तिसरा_पडदा, 'सिसिफस'बद्दल पूर्ण सहमत, त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं ते उगीच नाही. पण पुनरुक्तीचं म्हणणं पटत नाही. तीनदा येणं ही तोंडी कथेची चाल आहे. सांगणाऱ्याला पुढचं आठवायला आणि ऐकणाऱ्याला त्यात शिरायला ती लागते. आपल्या कहाण्यांत 'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको' दर वेळी येतं, म्हणून कुणी उठून जात नाही. उलट तेच ऐकायला बसतात.

कुंचला | रविवार, दुपारी १:२०

तिसरा_पडदा, बरं झालं तुम्ही 'सिसिफस' काढलात. मीही तो काल परत पाहिला. त्यात सगळं काही रेघच करते. श्रम वाढला की ती जाड होते, माणूस दमला की तुटक होते, धोंड्याखाली तो जवळजवळ नाहीसा होतो. ज्या माणसाच्या हातात इतकी ताकदीची रेघ होती त्यानं सात वर्षांनी ती पूर्ण बाजूला ठेवली. रेघ जमत नसलेल्यानं टाळणं वेगळं. इथे आपलं हुकमी हत्यार खाली ठेवून माणूस मैदानात उतरलाय. म्हणूनच माझा या निर्णयावर इतका जीव आहे.

मधल्या काळात, १९७७ मध्ये, 'क्युझ्दोक' नावाचा आणखी एक छोटा सिनेमा आहे. शिल्पकार मूर्ती घडवतो आणि मूर्तीही छिन्नी घेऊन त्याला घडवते. कान महोत्सवात लघुपटाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. बनवणारा आणि बनलेलं यांच्यात कडा कुठे, हा प्रश्न तिथेही आहेच.

डोळे थकतात हे खरंय. मी पहिल्यांदा दोन बैठकींत पाहिला होता.

शब्दशोध | रविवार, दुपारी ४:०२

वाचनखूण साठवली. सिनेमाच्या अर्पणपत्रिकेकडे कुणाचं लक्ष गेलं का? तो स्किथियन, हूण, आवार आणि इतर भटक्या लोकांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे. स्किथियन म्हणजे ज्या मोठ्या गवताळ पट्ट्यातल्या घोडेस्वार टोळ्यांचे आप्त आपण 'शक' म्हणून ओळखतो ते. नाशिकच्या पांडवलेण्यांत शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत आणि गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केल्याचं आपण शाळेत शिकलो. त्या लोकांची एक वाट आपल्या घाटांपर्यंत आली. हंगेरियन दिग्दर्शक ज्यांना पूर्वज म्हणून आठवतोय ते आपल्याला सर्वस्वी परके नाहीत.

मात्र 'हूण' शब्दावरून घाईनं नाती जोडू नयेत. हूण आपले पूर्वज ही हंगेरीत जिव्हाळ्याची परंपरा आहे, पण त्यांची भाषा उराली कुळातली, फिनिशची लांबची बहीण. ती आपल्या भाषाकुळाची नाही.

तरी शब्द प्रवास करतात. हंगेरियनमध्ये सोन्याला 'आरान्य' म्हणतात. होय, वर दूरदेशींनी ज्या कवी-घराण्याचा उल्लेख केला त्यांचं आडनाव म्हणजे 'सोने'. हा शब्द फार जुन्या काळी इंडो-इराणी भाषांकडून घेतलेला आहे, आपलं 'हिरण्य' त्याचं भावंड. शंभरला 'साझ', म्हणजे 'शत'. गायीला 'तेहेन', म्हणजे 'धेनु'. दुधाला 'तेय', त्याचं नातं 'दधि'शी लावतात. बाजाराला 'वाशार'. सगळे गुराख्यांचे आणि व्यापाऱ्यांचे शब्द, उघड्या माळावर दिले-घेतलेले. सिनेमात पाताळात तांब्याचा, चांदीचा आणि सोन्याचा किल्ला येतो. त्या तिसऱ्याचं हंगेरियन नाव 'आरान्यवार' ऐकताना कान टवकारले गेले.

माईची लेक | रविवार, सायंकाळी ६:१५

मी नऊ वर्षांच्या मुलाबरोबर पाहिला. लहानांसाठीचा सिनेमा समजून कुणी लावत असेल तर आधी स्वतः पाहा एवढं सांगते. जन्माचं दृश्य, उघडी शरीरं, मारामाऱ्या, सगळं आहे. आकार इतके प्रतीकरूप आहेत की अश्लील काही वाटत नाही, पण मुलं प्रश्न विचारतात आणि उत्तर द्यायची तयारी हवी. माझा मुलगा ड्रॅगनांना अजिबात घाबरला नाही. घोडी मेल्यावर मात्र माझ्या मांडीत येऊन बसला आणि संपेपर्यंत उठला नाही.

एक गोष्ट मला खुपली. तिन्ही राजकन्या बंद ठेवलेलं कुलूप उघडतात आणि त्यातून ड्रॅगन सुटून जगाचा नाश होतो. म्हणजे दोष बायकांच्या कुतूहलाचा, आणि नंतर त्यांनी किल्ल्यात वाट बघत बसायचं. जुन्या लोककथेत मी ते समजू शकते. १९८१ मध्ये इतक्या धीट दिग्दर्शकानं सगळं उलटंपालटं केलं, चित्रकलेचे नियम मोडले, मग हे का जसंच्या तसं ठेवलं?

दूरदेशी | रविवार, रात्री ११:३७

माईची लेक, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. इथल्या मैत्रिणीही हेच म्हणतात. मला एवढंच दिसतं की या सिनेमातली सगळी ताकद आईच्या दुधातून येते. तिची छाया शेवटपर्यंत जात नाही. राजकन्यांना मात्र ते बळ दिलेलं नाही, खरंय.

मुलांना हंगेरियन गोष्टी दाखवायच्या असतील तर 'मॉग्यॉर नेपमेशेक' (हंगेरियन लोककथा) ही मालिका लावा. तीही यान्कोविचांचीच, केचकेमेत गावच्या स्टुडिओत बनलेली. २०१२ पर्यंत शंभर भाग झाले. एकेक भाग सात-आठ मिनिटांचा, प्रत्येकात हंगेरीच्या वेगवेगळ्या भागातली भरतकामाची, मडक्यांवरची, लाकडावरची नक्षी चित्रांत आणलेली. सुरुवातीचं कालाका या गटाचं संगीत इथल्या कुठल्याही माणसासमोर नुसतं गुणगुणा, तो हसून पुढची ओळ धरतो.

या गोष्टींची सुरुवात 'होल वोल्त, होल नेम वोल्त' अशी होते. कुठे होतं, कुठे नव्हतं. आपलं 'आटपाट नगर होतं' निदान नगर असल्याची खात्री देतं. इथे पहिल्याच वाक्यात अर्धं असणं आणि अर्धं नसणं. कुंचलाताई, तुमच्या 'हद्द नसलेल्या' चित्रांचं मूळ मला या वाक्यात दिसतं. मग पुढे सात मुलखांपलीकडे, ओपेरेन्सियाश समुद्रापलीकडे, काचेच्या डोंगरांच्याही पलीकडे. आणि शेवटी, 'ज्याला खरं वाटत नाही त्यानं जाऊन पाहावं.'

अवांतर: सिनेमात भावाच्या अंगावर एक खुजी दाढीवाली आकृती गरम लापशी ओतून खाते, ते अन्न म्हणजे 'काशा'. पूर्वी वरीसारख्या भरडधान्याची करत. आपल्या कण्यांची आठवण येते. त्या खुज्याचं नाव हेत्स्यून्यू कापान्यान्यीमोन्योक. 'कापा' म्हणजे कुदळ. इथल्या मुलांना हे नाव एका दमात म्हणायची पैज लावायला फार आवडतं.

अश्मक_४२ | सोमवार, सकाळी ९:२२

काळाबद्दल थोडं. यान्कोविचांना मुळात काळ आणि अवकाश चक्रासारखे पुन्हापुन्हा येतात या कल्पनेवर सिनेमा करायचा होता. ते मार्क्सवादी विचाराच्या विरुद्ध ठरवून नाकारलं गेलं, कारण त्या विचारात इतिहास पुढेच जातो, मागे फिरत नाही. मग लोककथेचा आधार घेऊन त्यांनी हा सिनेमा केला. सरकारी स्टुडिओ, लोककथेचा विषय, हरकत घ्यायला जागा कमी.

पण चक्र गेलं नाही, ते कथेच्या पोटात राहिलं. नायक वरच्या जगातून खाली अंधारात उतरतो आणि पलीकडून पुन्हा वर येतो, हा रोजच्या सूर्याचा मार्ग आहे. यान्कोविच नुसते चित्रकार नव्हते, प्रतीकं आणि सूर्यकथा हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. 'सूर्याचं पुस्तक' या अर्थाच्या नावाचा त्यांचा ग्रंथच आहे. मधलं ते झाड पाताळ, पृथ्वी आणि आकाश जोडतं. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला 'ऊर्ध्वमूलमधःशाखम्' अश्वत्थ आपल्याला आठवतो. पण तो अश्वत्थ असंगशस्त्रानं, म्हणजे अनासक्तीच्या शस्त्रानं, छेदायचा आहे. हंगेरियन झाड छेदायचं नाही, त्याच्या ढोलीत जन्मायचं आहे. दोन झाडं एकच आहेत असं म्हणायचा मोह मी टाळतो.

त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं तर ही निष्ठा जास्त समजते. वडील १९५० च्या सुमारास राजकीय खटल्यात तुरुंगात गेले, कुटुंबाला बुडापेस्टहून खेड्यात हाकलण्यात आलं. पान्नोनहाल्माच्या बेनेडिक्टाइन शाळेत शिकले, १९६० मध्ये पान्नोनिया स्टुडिओत लागले. १९७३ मध्ये पेतोफीच्या कवितेवरचा 'यानोश वितेझ' हा हंगेरीचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट त्यांनीच केला. आणि 'माणसाची शोकांतिका' हा त्यांचा सिनेमा पुरा व्हायला १९८८ ते २०११ एवढी वर्षं लागली, पैसे जमतील तसा एकेक तुकडा करत. २०२१ च्या मे महिन्यात ते गेले.

पारदर्शक | सोमवार, दुपारी २:४८

काल रात्री पाहिला. बायकोलाही बसवलं. २०१९ मध्ये मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून नव्यानं केलेली प्रत मिळाली, ती पाहिली हे बरं झालं. रंग विटलेल्या प्रतीवर हा सिनेमा पाहणं म्हणजे न पाहिल्यासारखंच.

तिन्ही भावांची कुस्ती पाहताना मी मनातल्या मनात बाटल्या मोजत होतो. प्रत्येकाचा रंग वेगळा, एकमेकांना भिडल्यावरही ज्याचा तो रंग आपल्या जागी. कुठे कडा थरथरली का म्हणून डोळे फाडून पाहत राहिलो. मग केव्हातरी ते विसरलो आणि नुसता पाहू लागलो. इतकी वर्षं हे काम केलेल्या माणसाला ते विसरायला लावणं, याहून जास्त मी काय सांगू? ते सेल रंगवणाऱ्या, मोजे घातलेल्या हातांना माझा नमस्कार.

कुंचला | रविवार, दुपारी १२:५५

आठवड्यानं लिहितेय. पारदर्शककाका, तुमचा प्रतिसाद मी आज वर्गात वाचून दाखवला, मोज्यांची आणि पिवळ्याच्या चार बाटल्यांची गोष्ट मुलांना फार आवडली. (काका म्हटलेलं चालेल ना?)

आज सकाळी पेन्सिली माझ्या पिशवीत ठेवून घेतल्या. सिनेमा दाखवला नाही. दूरदेशींनी सांगितलेली सुरुवात जशीच्या तशी सांगितली, सात वर्षं, झाडाची साल, पुन्हा सात वर्षं. 'कुठे होतं, कुठे नव्हतं' ला एक जण म्हणाला, 'म्हणजे नक्की काय?' त्याला म्हटलं, रंगव आणि बघ. काळे कागद, पांढरा, पिवळा, लाल पोस्टर कलर, जाड ब्रश.

पहिली दहा मिनिटं कुणीच हात लावेना. कुठून सुरू करायचं ते कळत नव्हतं. मग एका मुलीनं कागदाच्या मधोमध पांढऱ्याचा मोठा गोळा ठेवला आणि ब्रश कोरडा होईपर्यंत एका बाजूला ओढत नेला. टोकाला रंग विरळ होत गेला, काळा कागद त्यातून दिसायला लागला. म्हणाली, 'ही पळतेय.' पाय काढलेले नव्हते. मग पोटाच्या जागी बोटानं पिवळा ठिपका लावला आणि ओल्या पांढऱ्यात तो जरासा पसरला. पुसू का म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं.

बाकीच्यांनी झाडं केली, एकानं बारा चौकोनांचा ड्रॅगन केला. घोडी मेल्यावर मुलानं तिला कुठे पुरलं, हे दोघांनी विचारलं. दूरदेशी, कथेत काही असेल तर सांगा, पुढच्या रविवारी मला उत्तर द्यायचंय.

चित्रं गॅलरीत दोरीवर लावली आहेत. घोडीवरचा रंग जाड आहे, तो अजून ओला आहे. वाळला की फोटो टाकते.